विमान उडतं कुणाच्या जिवावर? – लष्करी विमानांची देखभाल, डेपो आणि स्टोअर्सचा इतिहास

चिखलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १९ डिसेंबरच्या निमित्ताने इथे १९६१ च्या गोवामुक्तीच्या ऑपरेशन विजयवर धागा झाला, १८ तारखेला १२ कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली ते सगळं सविस्तर आलं, पण त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवला आणि तिथे उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानं अंधारातच उडवून नेली, त्यावर कुणी थांबलंच नाही. मला त्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. विमानाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण पायलट, वेग, मिसाइल इथेच अडकतो. ते विमान सकाळी उडणार की हँगरमध्येच राहणार हे ज्यांच्या हातात असतं त्यांच्यावर मराठीत फार कमी लिहिलंय, म्हणून हा धागा. मी नौदलाच्या एअर टेक्निकल शाखेतून निवृत्त झालोय, चिखलीला राहतो, आणि जे उघड आहे तेवढंच लिहिणार.

सुरुवात १९१४ पासून करू. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कॉर्प्सच्या चार स्क्वॉड्रन्स फ्रान्सला गेल्या आणि त्यांच्या मागोमाग एअरक्राफ्ट पार्क नावाचं एक पथक बोटीने बुलोन बंदरात उतरलं. पेट्या, इंजिनं, पंखांचं कापड, सुतार, फिटर असा सगळा पसारा. बंदरावरच्या अधिकाऱ्याला हा काय प्रकार आहे ते कळेना, त्याने मुख्यालयाला तार केली की एक बिननंबरची, बिनविमानांची तुकडी आलीय, स्वतःला एअरक्राफ्ट पार्क म्हणवते, हिचं करायचं काय! आणि हीच तुकडी पुढे सेंत-ओमेरला स्थिरावली, वाढत वाढत प्रचंड डेपो झाली, दुसरा डेपो कांदासला उभा राहिला आणि इंजिनांचा वेगळा कारखाना रुआँजवळ पाँ-द-लार्शला. यामागे डोकं होतं ब्रूक-पोपम या अधिकाऱ्यांचं. त्यांनी काय केलं तर कामाची वाटणी केली. स्क्वॉड्रनने फक्त छोटी दुरुस्ती करायची कारण तिला उद्या तळ हलवायला लागू शकतो, त्याच्या मागे प्रत्येक आर्मीचं एक हलकं एअर पार्क, आणि मोडलेलं विमान उघडून परत बांधायचं काम मागच्या डेपोत जिथे लेथ आहे, सुतारशाळा आहे, भट्टी आहे.

ही वाटणी शंभर वर्षांनंतरही मोडलेली नाही. फर्स्ट लाइन म्हणजे टारमॅकवर, उड्डाणाआधीची, दोन उड्डाणांमधली आणि नंतरची तपासणी. सेकंड लाइन म्हणजे बेसचं हँगर. थर्ड लाइन डेपो किंवा यार्ड. फोर्थ लाइन बनवणारी कंपनी. आपल्या दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळाच्या आवारात फर्स्ट आणि सेकंड आहेच, शिवाय नेव्हल एअरक्राफ्ट यार्डही आहे. वास्को, चिखली, सांकवाळ भागातल्या कितीतरी घरांची चूल याच कामावर पेटली, सगळेच काही युनिफॉर्मवाले नाहीत.

तुम्हाला माहीत असेल ते लिहा, आपण मिळून हा इतिहास मांडू.

मास्तर_साखळी

फार चांगला विषय घेतलात चिखलीकर. भारतापुरती थोडी भर घालतो.

१ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, चार वापिटी विमानं. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलहून तयार होऊन आलेल्या पाच वैमानिकांची नावं पुस्तकांत असतात, त्यांच्याबरोबरचे सहावे अधिकारी जे. एन. टंडन यांना स्टोअर्सचं काम दिलं होतं हे मात्र क्वचित लिहिलं जातं. आणि त्यांच्या हाताखाली होते हवाई सिपाही, म्हणजे विमानाचे फिटर, रिगर वगैरे.

या हवाई सिपायांतलं एक नाव प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅकलेगन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा, अधिकारी होण्याची वाट बंद होती म्हणून सिपाही म्हणून भरती झाला, वापिटीच्या इंजिनात हात काळे केले, आणि तोच माणूस पुढे एअर व्हाइस मार्शल होऊन मेंटेनन्स कमांडचा प्रमुख झाला. मेंटेनन्स कमांड १९५५ मध्ये कानपूरला सुरू झाली, आता तिचं मुख्यालय नागपूरला आहे. कानपूरच्या डेपोतल्या हँगरमध्ये त्यांनी ब्रिटिश परवान्यावर ॲव्ह्रो ७४८ बांधायला घेतलं आणि १ नोव्हेंबर १९६१ ला पहिलं विमान उडवलं, त्याला नाव दिलं सुब्रतो. दुरुस्तीच्या डेपोने विमान बांधलं, हे छोटं काम नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली ती विमानं बनवायला, पण युद्ध दाराशी आल्यावर सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेला, ८४ वा एअर डेपो म्हणून. मग तिथे डकोटा, मिचेल, लिबरेटर यांचं ओव्हरहॉल. कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी विमानं तर शेजारच्या बेलंदूर तळ्यात उतरायची आणि तिथून वर ओढून कारखान्यात आणायची! एचएएलचे पहिले कारागीर विमान उघडून, दुरुस्त करून विमान शिकले. मला वाटतं आपल्या विमान उद्योगाची मुळं बघायची तर ती नव्या विमानांत बघू नयेत, ती या डेपोत आहेत.

कुळागर

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). चिखलीकर काका, लिहीत रहा.

सई_फोंडा

काका, मी वेर्ण्याला फार्मा कंपनीत मेंटेनन्स प्लॅनिंग बघते, त्यामुळे खूप ओळखीचं वाटतंय. एक विचारायचं होतं, पेपरात नेहमी येतं ना की अमुक विमानांची सर्व्हिसेबिलिटी, म्हणजे उडण्याजोगी विमानं, इतके टक्के, तर हा आकडा कसा ठरवतात आणि तो खरंच काही सांगतो का? कारण आमच्याकडे मशीन बंद ठेवली की तिची अव्हेलेबिलिटी कागदावर मस्त दिसते, उत्पादन मात्र शून्य.

चिखलीकर

सईताई, तुमचा प्रश्न ज्याने पहिल्यांदा नीट विचारला त्याची गोष्ट सांगतो, आणि ती सागरी गस्तीच्या विमानांचीच आहे म्हणजे दाबोळीच्या जवळची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडची विमानं अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायची. विमानं कमी, समुद्र अफाट. वरून हुकूम असा की कुठल्याही वेळी पाऊणएक विमानं उडण्याजोगी तयार पाहिजेत. तिथे ऑपरेशनल रिसर्चसाठी शास्त्रज्ञ नेमले होते आणि त्यातला सेसिल गॉर्डन हा मुळात फळमाशांवर आनुवंशिकतेचा अभ्यास करणारा माणूस. त्याने विमानांचा जीवनक्रम मांडला, उडतंय, दुरुस्तीत आहे, भागाची वाट बघतंय, मेकॅनिकची वाट बघतंय, किंवा तयार आहे पण कुणी उडवत नाहीय. आणि दाखवून दिलं की पाऊण विमानं कायम तयार ठेवायची असतील तर सोपा उपाय म्हणजे ती उडवूच नका! जास्त उडवलं तर जास्त विमानं दुरुस्तीत जाणारच, त्यात लाज कसली. मोजायचं असेल तर मेकॅनिकच्या एका तासामागे आकाशात किती तास मिळाले ते मोजा.

दुसरी गंमत वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. दर ५० तासांनी ठरलेली तपासणी व्हायची. यांनी बिघाडांचा आलेख काढला तर तपासणी झाल्या झाल्या बिघाड एकदम वाढलेले आणि मग हळूहळू उतरत जाणारे. अपेक्षा उलटी होती ना? म्हणजे नीट चालणारी वस्तू उघडून, हलवून, परत बसवून आपणच दोष घालत होतो. मग तपासण्यांचं अंतर बदललं, कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही ते ठरलं, उड्डाण आणि देखभाल एकत्र आखायला लागले आणि कोस्टल कमांडचे उपयोगी उड्डाणतास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. एकही नवीन विमान न घेता.

यालाच पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकन संरक्षण खात्यासाठी पक्कं रूप दिलं, रिलायबिलिटी सेंटर्ड मेंटेनन्स म्हणून. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्क्यांत वय वाढलं की बिघाड वाढतो असं दिसलं, उरलेल्या ८९ टक्क्यांना ठरावीक तासांनी बदलून काही फायदा नव्हता. जुन्या डीसी-८ वर ३३९ वस्तूंना ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल लागायचं, डीसी-१० ला अशा वस्तू उरल्या सात.

म्हणून सर्व्हिसेबिलिटीचा टक्का एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी वर्षाचे उड्डाणतास ठेवा, मग बोला.

सई_फोंडा

६८ टक्के भाग सुरुवातीलाच जास्त बिघडतात आणि नंतर स्थिर होतात हे त्याच अभ्यासातलं ना? आम्हाला ट्रेनिंगमध्ये तो आलेख शिकवला होता पण तो विमानांवरून आला हे माहीत नव्हतं. आता ऑडिटच्या आधी चालू पंप उघडून ठेवायची जी सवय आहे त्यावर बोलायला मला भक्कम आधार मिळाला, थँक्यू काका.

तांबडीमाती

ब्रिटनच्या लढाईचं मी लिहितो. १९४० मध्ये सगळं श्रेय स्पिटफायर आणि पायलटना, ते योग्यच, पण त्या लढाईत फायटर स्क्वॉड्रन्सना जी विमानं पुरवली गेली त्यातली साधारण एक तृतीयांश ही नवी नव्हतीच, दुरुस्त करून परत पाठवलेली होती. आरएएफने, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाने, १९३८ मध्येच मेंटेनन्स कमांड काढली होती, त्यात ४० नंबर ग्रुप सामानाचा, ४१ विमानांचा, ४२ दारूगोळा आणि इंधनाचा, ४३ दुरुस्ती आणि सॅल्व्हेजचा. जोडीला सिव्हिलियन रिपेअर ऑर्गनायझेशन, म्हणजे मोटारींचे कारखाने, छोटी गॅरेजेस, सगळ्यांना कामाला लावलं, सुरुवात मोटार उद्योजक लॉर्ड नफील्डने केली आणि मे १९४० पासून ती बीव्हरब्रुकच्या विमान उत्पादन मंत्रालयाखाली आली. शेतात पडलेलं विमान उचलायला साठ फुटी लांब ट्रेलर होते त्यांना क्वीन मेरी म्हणायचे.

समोर जर्मनी बघा. त्यांच्याकडे सुटे भाग बनवण्यापेक्षा नवी विमानं मोजून दाखवण्याला जास्त किंमत होती, रशियात आत घुसल्यावर तळ पुढे गेले आणि डेपो जर्मनीतच राहिले, एक इंजिन दुरुस्तीला जायचं तर हजारो किलोमीटर मागे. स्टालिनग्राडला घेरलेल्या सैन्याला विमानाने रसद द्यायची वेळ आली तेव्हा थंडीत बरीचशी वाहतूक विमानं जमिनीवरच होती. हुशार इंजिनिअर असलेल्या देशाचं हे झालं. मागे कुणी बघितलं नाही की असंच होतं.

मास्तर_साखळी

तांबडीमाती, सॅल्व्हेजचा विषय काढलात तर कानपूरच्या लिबरेटरची गोष्ट इथे यायलाच हवी, आणि तिचं एक टोक आपल्या बोगमाळोला आहे.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडची लिबरेटर बॉम्बर्स अमेरिकेने लेंड-लीजवर, म्हणजे युद्धापुरत्या उसनवारीच्या करारावर, दिलेली होती, ती परत न्यायची नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्या उपयोगीही पडू द्यायची नव्हती. कानपूरच्या चकेरी तळावर शंभराच्या आसपास विमानं गोळा केली आणि मुद्दाम निकामी केली. कॉकपिटमधली मीटरं कुऱ्हाडीने फोडली, इंजिनांत वाळू घातली, काहींना ट्रकने धडका दिल्या. मग फाळणी झाली. कराचीचा जुना मोठा डेपो पाकिस्तानात गेला, आपल्याकडे लांब पल्ल्याचं एकही बॉम्बर नाही आणि विकत कुणी देईना. तेव्हा एचएएलची माणसं कानपूरला गेली, त्या भंगारातून एकाचं दुसऱ्याला लावत एकेक विमान जेमतेम उडण्यासारखं केलं, आणि एचएएलचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती बंगलोरला उडवत नेली. अर्धवट बांधलेलं, युद्धातलं, मुद्दाम मोडलेलं विमान दीड हजार किलोमीटर न्यायचं, काय छाती असेल! बंगलोरला पूर्ण ओव्हरहॉल करून १९४८ च्या अखेरीपासून हवाई दलाला द्यायला सुरुवात केली, एकूण ४२. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी हे होणार नाही म्हणून सांगितलेलं होतं.

ही लिबरेटर १९६८ पर्यंत उडाली, ६ नंबर स्क्वॉड्रनकडे समुद्री टेहळणीचं काम होतं. त्याच स्क्वॉड्रनला पुढे एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन मिळाली. १९७६ मध्ये समुद्री टेहळणी नौदलाकडे आली तेव्हा ती सुपर कॉन्स्टेलेशन दाबोळीला आली आणि आयएनएएस ३१२ स्क्वॉड्रन बनली. बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियमच्या बाहेर ते तीन शेपट्यांचं लांबलचक विमान उभं आहे ना, ते या साखळीतलं. मी दरवर्षी मुलांना सहलीला नेतो तेव्हा आधी कानपूरपासून सुरुवात करतो.

सडेवाली

मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला, इतकी वर्षं त्या म्युझियमसमोरून जातेय.

चिखलीकर काका, मी हेडलॅण्ड सड्याची. आमच्याकडे बंदरावरच्या कोळशाची पूड खिडकीवर रोज पुसावी लागते, वर समुद्राचा खारा वारा, पावसात तर लोखंडी गेटसुद्धा टिकत नाही. मग त्या विमानांचं काय होत असेल? त्यांना हे बाधत नाही का? आणि माझे मामा एअर स्टोअर्समध्ये सिव्हिलियन होते, ते घरी कधी काही बोलले नाहीत पण एओजी आलं की रात्री सुद्धा गाडी न्यायला यायची एवढं आठवतं. ते एओजी म्हणजे नक्की काय?

चिखलीकर

ताई, तुमच्या मामांसारख्या लोकांसाठीच हा धागा आहे.

एओजी म्हणजे एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड, एका भागावाचून विमान जमिनीवर अडकलंय. असा डिमांड आला की स्टोअरात बाकीचं सगळं बाजूला. आधी आपल्या बिन-कार्डावर (प्रत्येक खणातल्या साठ्याची नोंद) शोध, मग दुसऱ्या तळांवर सिग्नल, मग कारखाना. आणि स्टोअरकीपरचं काम नुसतं उचलून देण्याचं नसतं. पार्ट नंबरच्या शेवटी एक अक्षर वेगळं असलं तर तो भाग वेगळा, दिसायला अगदी सारखा असला तरी. रबरी सील आणि होज यांना मुदत असते, न वापरता कपाटातच त्यांचं आयुष्य संपतं, सईताईंच्या औषधांसारखं. दुरुस्तीला गेलेला भाग, परत आलेला, तपासणीला थांबलेला, बाद झालेला, प्रत्येकाला वेगळं लेबल आणि वेगळी जागा. चुकीचा भाग विमानात गेला तर वर जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे हे चांगल्या स्टोअरकीपरला कुणी सांगावं लागत नाही, मी अशा सिव्हिलियन लोकांना वर्षानुवर्षं बघितलंय, अधिकारी बदलून जातात, हे लोक तिथेच असतात आणि कुठला भाग कुठल्या विमानाला कधी लागला होता हे त्यांच्या डोक्यात असतं.

भाग मिळालाच नाही तर मग कॅनिबलायझेशन, शेजारच्या उभ्या विमानाचा काढून इकडे लावायचा. बाहेरून सोपं वाटतं पण मेहनत दुप्पट, कारण काढणं दोन वेळा आणि लावणं दोन वेळा, शिवाय काढताना नट, पाइप, वायर दुखावतात. एक विमान त्यासाठी राखून ठेवलं की ते हळूहळू पोकळ होत जातं आणि मग त्याला परत उडवणं महाकठीण.

आता खाऱ्या वाऱ्याचं. बाधतं, भयंकर बाधतं. समुद्रावर खालून उडून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवावं लागतं, इंजिनाच्या काॅम्प्रेसरमध्ये सुद्धा पाणी मारून मीठ काढतात. जोड, रिव्हेट, कनेक्टर, जिथे पाणी साचेल अशी प्रत्येक खाच तपासायची, खरवडायची, प्रायमर लावायचं. जूनपासून चवथीपर्यंतचे महिने सगळ्यात वाईट, कनेक्टरमध्ये ओल शिरली की दोष सापडता सापडत नाही, सकाळी असतो आणि ऊन पडलं की जातो.

कोळशाच्या पुडीवरून सांगतो, १९४८-४९ ची, सोव्हिएतांनी रस्ते अडवल्यावरची, बर्लिनची हवाई रसद. शहराला लागणारा कोळसा पोत्यांतून विमानाने नेत होते आणि ती पूड फ्लोअरच्या खाली जाऊन केबल आणि वायरिंग खात होती. दर २०० तासांची तपासणी इंग्लंडमधल्या बर्टनवुडच्या डेपोत आणि १००० तासांची थेट अमेरिकेत. मेकॅनिक पुरेनात तेव्हा या मोहिमेचे प्रमुख अमेरिकन जनरल टनर यांनी चार वर्षांपूर्वीच्या शत्रूला, जर्मन हवाई दलाच्या जुन्या मेकॅनिकांना, कामावर घेतलं, मॅन्युअलं जर्मनमध्ये करून दिली. याच टनर यांनी १९४४ मध्ये आपल्या आसाममधल्या तळांवर, चीनला डोंगरावरून रसद नेणाऱ्या विमानांसाठी, देखभालीची असेंब्ली लाइन सुरू केली होती, विमान एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सरकत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर ठरलेली टोळी ठरलेलं काम करायची.

दाबोळीवरचं एक उदाहरण देतो. सी हॅरियर, १९८३ च्या डिसेंबरात पहिली आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली. उभ्या उभ्या उतरणारं विमान म्हणून लोक टाळ्या वाजवायचे. पण त्याचं पेगासस इंजिन बाहेर काढायचं तर आधी अख्खा पंख एका तुकड्यात वर उचलून बाजूला ठेवावा लागतो, क्रेन, स्टँड, मग इंजिन, मग सगळ्या जोडण्या परत आणि प्रत्येकाची तपासणी. डिझाइन करणाऱ्याने ठरवलेली एक गोष्ट मेकॅनिकच्या तीस वर्षांच्या आयुष्याचा आकार ठरवते.

तांबडीमाती

काका, मग नौदलाच्या मिग-२९के लढाऊ विमानांबद्दल स्पष्ट बोलूया. कॅगचा २०१६ चा अहवाल उघड आहे. त्यात एकआसनी विमानांची सर्व्हिसेबिलिटी १५.९३ ते ३७.६३ टक्के आणि दोनआसनींची २१.३० ते ४७.१४ टक्के दिलीय, आणि मिळालेल्या ६५ इंजिनांपैकी ४० डिझाइनशी संबंधित दोषांमुळे सेवेतून काढावी लागली म्हटलंय. एवढा पैसा देऊन घेतलेली विमानं. राग येतो.

चिखलीकर

राग रास्त आहे. पण तो मेकॅनिकवर काढू नका एवढंच माझं म्हणणं. निम्म्याहून जास्त इंजिनं अशी काढावी लागत असतील तर हँगरमधल्या माणसाने कितीही रात्री जागवल्या तरी टक्का वर येत नाही, ते दुखणं फोर्थ लाइनचं आहे.

आणि भागांचा पुरवठा हा राजकारणावर किती लटकलेला असतो ते आपण दोनदा भोगलंय. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका विमानाचे कारखाने एका रात्रीत वेगवेगळ्या देशांत गेले. आपलं सागरी टेहळणीचं आयएल-३८ घ्या, १९७७ ते ऑक्टोबर २०२३ दाबोळीवरून उडालं. विमान मॉस्कोचं पण त्याचं एआय-२० इंजिन युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाचं. हवाई दलाच्या एएन-३२ या वाहतूक विमानाला त्याच घराण्याचं इंजिन. रशिया-युक्रेनमध्ये पुढे काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्यांदा १९९८, पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले तर सी किंग हेलिकॉप्टरं अडकली, विकत घेतली होती ब्रिटनकडून, पण आतले काही भाग अमेरिकन. एवढं असूनही आयएल-३८ शेहेचाळीस वर्षं उडत ठेवलं या लोकांनी.

ओझरवाला

गोव्याच्या धाग्यात नाशिकचा पाहुणा. आमच्या ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, १९७४ पासून. सुखोई-७ पासून सुरुवात, मग मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि आता सुखोई-३०. एप्रिल २०१८ मध्ये डेपोने स्वतः ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० हवाई दलाकडे सोपवलं. बाहेरच्या माणसाला ओव्हरहॉल म्हणजे सर्व्हिसिंगसारखं वाटतं. प्रत्यक्षात विमान पूर्ण उघडतात, रंग काढतात, सांगाडा उरतो, तडे शोधायला एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिक, हजारो भाग वेगवेगळ्या शॉपमध्ये जातात आणि तिथून पास होऊन आले की परत बांधणी, जमिनीवर चाचण्या, मग टेस्ट फ्लाइट.

यासाठी सगळ्यात आधी काय लागतं माहितीय का? ड्रॉइंग आणि टेस्ट बेंच. विमान विकत घेताना ते मिळाले नाहीत तर हुशार माणूस असूनही हात बांधलेले, हायड्रॉलिक पंप दुरुस्त केला तरी तो पास कुठे करणार? आमच्याकडच्या पोरांनी बरेचसे भाग आसपासच्या छोट्या उद्योगांकडून बनवून घेतलेत, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये चौकशी करा.

सई_फोंडा

मग आता जो परफॉर्मन्स बेस्ड करार करतात तो बरा नाही का? राफेलच्या २०१६ च्या करारात कंपनीने किमान ७५ टक्के विमानं तयार ठेवायची हमी दिली होती, एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम चा करार झाला त्यातही असं लॉजिस्टिक्स आहे. भाग कुठून आणायचा ही डोकेदुखी कंपनीची. आमच्या कंपनीत कॉम्प्रेसरचा करार असाच आहे, खूप बरं पडतं.

ओझरवाला

ताई, शांततेच्या काळात बरं पडतं. पण कंपनीचं कोठार फ्रान्समध्ये आणि लढाई इथे, तेव्हा हमीचा कागद घेऊन काय करणार. शिवाय करार संपला की पुढच्या वेळी भाव कंपनी ठरवते कारण तोवर आपल्याकडे ते काम येणारं कुणी तयारच झालेलं नसतं.

मास्तर_साखळी

ओझरवाल्यांशी सहमत. कानपूरची लिबरेटर कुणी उभी केली? युद्धात अमेरिकन डेपोत हात बसलेल्या बंगलोरच्या कारागिरांनी. ते हात नसते तर ती विमानं भंगारातच गेली असती.

चिखलीकर

सईताई, मी कराराच्या विरोधात नाही. पहिली पाच वर्षं तो हवाच, नवीन विमानाचे दोष कळेपर्यंत कंपनी शेजारी असलेली बरी, मिग-२९के च्या इंजिनांनी तेच शिकवलं. माझी मागणी वेगळी आहे. करार चालू असतानाच आपली माणसं कंपनीच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करत असली पाहिजेत, टेस्ट बेंच इथे बसले पाहिजेत, आणि सुट्या भागांचा पहिला मोठा साठा आपल्या कोठारात, आपल्या ताब्यात हवा. जहाजावर तर हा प्रश्न आणखी टोकाचा होतो कारण समुद्रात विक्रांतच्या हँगरमध्ये जे बरोबर नेलंय तेवढंच आहे. ब्रिटिशांनी युद्धात एचएमएस युनिकॉर्न हे विमान दुरुस्तीचंच वेगळं जहाज ताफ्याबरोबर ठेवलं होतं, अमेरिकनांनी १९४४ मध्ये सहा लिबर्टी जहाजांना तरंगते डेपो बनवून पॅसिफिकमध्ये पाठवलं. आपल्याला दुरुस्तीचं जहाज परवडेल न परवडेल, पण किनाऱ्यावरचं यार्ड तरी पूर्ण ताकदीचं हवं, आणि त्यात गोव्याच्या आयटीआय, पॉलिटेक्निकमधल्या पोरांना घ्या. फर्मागुडी आणि पणजीच्या कॉलेजातून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि कामासाठी पुण्याला, बंगलोरला जातात.

सडेवाली ताई, मामा असतील तर त्यांना विचारा, आयएल-३८ च्या सुरुवातीच्या वर्षांत रशियन कॅटलॉगवरून इंग्रजी बिन-कार्डं कशी तयार केली त्याबद्दल त्यांना जे सांगता येण्यासारखं असेल ते लिहून घ्या आणि इथे टाका.

सडेवाली

मामा मांगोर हिलला आहेत, ऐंशी ओलांडलीय पण आठवण पक्की आहे. येत्या रविवारी जाते आणि फोनवर रेकॉर्ड करून घेते. मास्तर, तुम्हीही येणार का? तुमचे प्रश्न माझ्यापेक्षा बरे असतील.

मास्तर_साखळी

नक्की येतो. दुपारची कदंबा बस पकडतो.